सामानापाशी कोण थांबणार?

आमच्या मराठी लोकांची सहल म्हटली की सामान आलं, आणि सामान आलं की ते सांभाळायला कुणीतरी आलंच. ते कुणीतरी म्हणजे मी. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला, मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर लागला, आणि घरच्यांनी, शाळेने, नातेवाइकांनी मिळून माझी त्या जागेवर कायमची नेमणूक करून टाकली. शाळेची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा मी डब्यांच्या ढिगाजवळ. कॉलेजची सिंहगडावर गेली तेव्हा मी पायथ्याच्या टपरीवर, सगळ्यांच्या स्वेटरांसकट. "तू बस गं, तुला कशाला उगाच त्रास," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आत ते मला कळतं. बोलणारा चेहरा असा काही मायाळू करतो की उलट बोललं तर आपणच वाईट ठरतो.

मला वाईट ठरायचं तसं काही वाटत नाही म्हणा. मी तापटच आहे. पण तापट माणसालासुद्धा सामान सांभाळता येतंच की.

लग्न होऊन अमेरिकेत आले, सांता क्लारात संसार थाटला, तरी माझी ही नोकरी सुटली नाही. इथे गाडीला कुलूप असतं, पिशवीला कुणी हात लावत नाही, बाकावर विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी तिथेच सापडते. पण आपली माणसं कुठेही गेली तरी "सामानापाशी कुणीतरी थांबायला हवं" हे सोडत नाहीत. ग्रँड कॅन्यनला सगळे कड्यापाशी गेले आणि मी लांब झाडाखालच्या बाकावर सात पिशव्यांबरोबर. फरक एवढाच, की आता माझ्याबरोबर नवराही बसायचा. "तुम्ही जा रे, मी थांबतो हिच्याजवळ," असं तो दरवेळी म्हणायचा. आणि बायका माझ्याकडे बघून उसासे टाकायच्या. काय नवरा मिळालाय हिला!

मलाही तसंच वाटायचं. मनापासून वाटायचं. माझ्यामुळे बिचाऱ्याला काही बघायला मिळत नाही, याचं ओझं त्या सात पिशव्यांहून जड होतं.

अलास्काची टूम काकांनी काढली. काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत आधी आलेले डॉक्टर. कुणाचेच सख्खे काका नव्हते, पण तिथल्या झाडून सगळ्या मराठी घरांचे काका होते. संकष्टी चतुर्थीला सगळे त्यांच्या घरी जमलो होतो तेव्हा त्यांनी माहितीपत्रक नाचवत जाहीर केलं, "हिमनदी! थेट पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता झालाय नुकताच. पुढे फक्त मैलभर चालायचं, आणि हात लावायचा. अरे, हात! ग्लेशिअरला!"

मी विचारलं, "चढ आहे का?"

काका उत्तर देणार तेवढ्यात काकूंनी माझ्या पानात मोदक वाढला. "तुला नाही गं जमायचं. पण गाडीपाशी बसूनसुद्धा फार छान दिसतं म्हणे."

तो मोदक मी तसाच पानात ठेवला. लांबून छान दिसणाऱ्या वस्तू मी आयुष्यभर बघत आले होते. त्याच क्षणी ठरवलं, की या खेपेला मी त्या बर्फाला हात लावणार. कुणी उचलून नाही, पाठुंगळी नाही, व्हीलचेअर नाही. माझ्या पायांनी जाणार, दोन्ही पायांनी, कॅलिपरसकट. आणि कुणाला सांगणार नाही, कारण सांगितलं की मायाळू चेहरे सुरू.

पुढचे दोनेक महिने नवरा ऑफिसला गेला की मी कॉलनीतून चालायला लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग शाळेमागच्या टेकाडावर. बुटाचा तळ नवा करून घेतला, कॅलिपरचे पट्टे बदलून घेतले. मांडीला पट्टा घासून जखम झाली तेव्हा त्यावर हळद लावली आणि वर पुन्हा पट्टा बांधला. शेजारची अमेरिकन बाई रोज हात हलवायची. तिला वाटत असेल, हिला कोणीतरी घराबाहेर काढलंय.

ऑगस्टात आम्ही तीन कुटुंबं अँकरेजला विमानाने उतरलो, दोन व्हॅन भाड्याने घेतल्या. एक नवरा चालवायचा, एक काका. आदल्या रात्री मोटेलमध्ये काकूंनी काय करावं? श्रीखंडासाठी बाथरूमच्या पडद्याच्या दांडीला दही टांगलं! सकाळी अंघोळ करणाऱ्या प्रत्येकाला ताकीद होती की पुरचुंडीवर पाणी उडता कामा नये. घरून आणलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, आणि आता हा चक्का. असा सगळा फराळ घेऊन आम्ही हिमनदी बघायला निघालो.

डांबरी रस्ता संपला आणि ती दिसली. दोन काळ्या डोंगरांच्या मधून खाली ओघळलेली, निळसर पांढरी, भेगाच भेगा. मी व्हॅनच्या काचेला नाक लावून बघत राहिले. हिला हात लावायचा होता मला!

पाऊलवाटेच्या तोंडाशी पार्कची रेंजर बाई उभी होती. तिने सांगितलं, इथे अस्वलं फिरतात, खाण्याचं काही उघड्यावर सोडून जाऊ नका, गाडीत बंद करा. काकांनी त्याचा आपल्या पद्धतीने अर्थ लावला. व्हॅन उन्हात, व्हॅनमध्ये ठेवलं तर श्रीखंड आंबणार. तेव्हा सामान सावलीतल्या टेबलावर ठेवावं आणि जवळ कुणीतरी थांबावं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

म्हणजे बघा. अस्वल येणार, म्हणून राखणीला कोण ठेवायचं, तर जिला पळता येत नाही ती! एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

"मी थांबतो हिच्याजवळ," नवरा म्हणाला. काकूंनी उसासा टाकला.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तीही बाकीच्यांबरोबर निघाली. जाता जाता तिला एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईने विचारलं, तुझे आईवडील येत नाहीत का? मुलगी अगदी सहज म्हणाली, "नो, दे डोन्ट क्लाइम्ब. दे वॉच द बॅग्ज." आणि पळाली. तिच्या बोलण्यात ना तक्रार होती, ना वाईट वाटणं. एखाद्याचे आईवडील डॉक्टर असतात, एखाद्याचे इंजिनीअर, तसे हिचे पिशव्या सांभाळणारे.

माझं डोकंच फिरलं. मंडळी वळणाआड गेली तशी मी उठले. चक्क्याचा डबा, पुऱ्या, चटणी, सगळं उचलून व्हॅनमध्ये कोंबलं.

"अगं, काय करतेस? श्रीखंड आंबेल!"

"आंबू दे. कुलूप लाव. आपण जातोय."

लोकांसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते. दोघंच असलो की अरे. त्याला कळलं की आता वाद घालण्यात अर्थ नाही. पण चेहरा पडला त्याचा. मला वाटलं, माझी काळजी वाटतेय. मी म्हटलं, "घाबरू नकोस. मी रोज चालतेय. पडले तर उठेन."

वाट झाडीतून होती, बऱ्यापैकी सपाट, मधूनमधून लाल-जांभळी फुलं. वाटेत पाट्या होत्या. अमक्या साली बर्फ इथपर्यंत होता, तमक्या साली इथपर्यंत. म्हणजे बया मागे मागे सरकत चालली होती. मी मनात म्हटलं, सरक किती सरकायचं ते, आज मी तुला गाठते. डासांनी हैराण केलं, मांडीचा पट्टा काचायला लागला, कमरेत कळ आली. दोनदा दगडावर टेकले. नवरा माझं कोपर धरून चालला होता, सारखं म्हणत होता, "बास झालं का? इथूनसुद्धा चांगलं दिसतंय." दरवेळी मी म्हणत होते, "नाही."

झाडी संपली आणि उघडं मैदान लागलं. नुसते गोटे आणि वाळू, आणि समोर बर्फाची भिंत. थंड वारा थेट तिच्यावरून अंगावर येत होता. आणि आमच्यात आणि तिच्यात वितळलेल्या पाण्याचा एक ओहोळ. राखाडी, गढूळ, जोरात धावणारा. पाणी फार तर गुडघाभर असेल. त्यावर दोन फळ्या शेजारीशेजारी टाकल्या होत्या, मिळून आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढ्या रुंद. कठडा नाही. आमची मंडळी कधीच पार होऊन बाजूच्या वाटेने वर एका टेकाडावर गेली होती. त्यांची रंगीत जॅकेटं तेवढी दिसत होती.

नवरा थांबला. "हे तुला जमणार नाही. पाण्याला फार ओढ आहे. चल परत."

"जमेल. खेकड्यासारखी एका अंगाने सरकत जाते."

"मी म्हणतोय ना, नाही जमणार!" त्याचा आवाज चढला. हा माणूस माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. मी चमकून त्याच्याकडे बघितलं. एवढ्या गार वाऱ्यात त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्याची नजर माझ्या पायाकडे नव्हतीच. फळीखालच्या पाण्याकडे होती. माझं कोपर त्याने इतकं घट्ट धरलं होतं की दुखायला लागलं, आणि तेव्हा मला कळलं की तो मला धरून उभा नाहीये. माझ्या आधाराने उभा आहे.

एकेक आठवायला लागलं. ग्रँड कॅन्यनचा बाक, कड्यापासून लांब. सॅन फ्रान्सिस्कोचा पूल, जिथे पाहुणे चालत गेले आणि आम्ही गाडीत बसलो, हिचा पाय दुखतोय म्हणून. माझा पाय त्या दिवशी मुळीच दुखत नव्हता. प्रत्येक ठिकाणी मी काही म्हणायच्या आत हाच पुढे होऊन म्हणालेला, हिला नाही जमायचं.

"तुला भीती वाटते," मी म्हटलं.

त्याने बाहीने कपाळ पुसलं.

"अरे, माझा पाय! बारा वर्षं माझा पाय पुढे करत आलास तू! मी इथे कुढत बसले, की माझ्यामुळे याला काही बघायला मिळत नाही, आणि तू..." राग असा आला होता की मी त्याच्या मुठीतून कोपर हिसकून घेतलं. लोक मला बिच्चारी म्हणत होते, याला देवमाणूस म्हणत होते, आणि हा ऐकून घेत होता!

"वाटते गं भीती," तो अगदी हळू म्हणाला. "लहानपणापासून. पायाखाली उघडं दिसलं की वाटते. पुरुषमाणसाने कसं सांगायचं? तू भेटलीस, तर कुणी विचारेनासंच झालं."

मी खांद्यावरची पर्स काढली आणि त्याच्या हातात दिली. "मग बस तू इथे. सामान सांभाळ."

आणि निघाले. गुडघ्याची कडी घट्ट बसलीय ना ते चाचपलं, अंग आडवं वळवलं, चांगला पाय फळीवर टाकला, दुसरा ओढून घेतला. पुन्हा चांगला, पुन्हा ओढून. फळी लवत होती, पाण्याच्या आवाजाने कान भरून गेले होते. भीती मला नव्हती असं कुणी समजू नये. पण रागाचा एक फायदा असतो, भीतीला आत जागाच उरत नाही. पलीकडच्या वाळूत बूट रुतला तेव्हा मी जोरात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

तिथून गोट्यांवरून धडपडत बर्फापर्यंत. जवळून ती मुळीच पांढरी नव्हती. मळकट, खडे रुतलेली, खालून टपटप गळणारी. भेगेत मात्र आत आत निळी होत गेलेली. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तळवा टेकवला. इतकं गार, की भाजल्यासारखं झालं. मी हात काढला नाही. रडले, हे सांगायला लाजत नाही. आजवर जिथे जिथे मी खाली बसून राहिले होते, त्या सगळ्या ठिकाणी मी वर चढून आल्यासारखं वाटलं.

मग कुणाला तरी दाखवावं म्हणून वळले. पलीकडे तो एका दगडावर बसला होता. माझी पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. येणारे-जाणारे त्याच्या बाजूने पुढे जात होते, आणि तो आपण इथे आरामात बसलो आहोत असं तोंड करून भलतीकडेच बघत होता. हे तोंड मला चांगलं ओळखीचं होतं. मी ते आयुष्यभर करत आले होते.

माझा राग गेला होता असं मुळीच नाही. तो पुढेही बरेच दिवस राहिला. पण त्या जागेवर बसलं की काय वाटतं हे मला माहीत होतं, आणि माहीत असून मी कुणाला तिथे बसवून पुढे जाणार नव्हते. तळव्याची जळजळ अजून थांबली नव्हती. तशीच मागे वळले, गोटे तुडवत फळीपाशी आले, फळी ओलांडली. त्याच्यासमोर उभी राहिले.

"ऊठ."

"नको गं. नाही होणार माझ्याने."

"मला बारा वर्षं हेच सांगत होतास. ऊठ. माझ्या मागे राहा. खांद्यावर हात ठेव. पाण्याकडे बघायचं नाही, माझ्या पाठीकडे बघायचं."

तो उठला. हात ठेवला. या खेपेला एका अंगाने सरकून चालणार नव्हतं, सरळच चालावं लागलं. सरळ चालताना मी दर पावलाला डावीकडे झुकते. त्याचा हात माझ्या खांद्यावर, म्हणून मी झुकले की त्यालाही झुकावं लागत होतं. सहा फुटांचा माणूस माझ्यामागे माझ्यासारखाच लंगडत येत होता. मधोमध तो थबकला. त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मी म्हटलं, "अरे, चल ना! काही नाही होत!" आणि तो चालला.

पलीकडे पोचल्यावरही त्याने खांद्यावरचा हात काढला नाही. बर्फापर्यंत तसाच आला. तिथे त्याने आधी एक बोट लावलं, मग अख्खा हात. मग लहान मुलासारखा हसला.

तेवढ्यात मंडळी टेकाडावरून उतरली. काकू सगळ्यांत पुढे. आम्हाला फळीवरून येताना त्यांनी वरून पाहिलं होतं. माझे दोन्ही हात हातात घेऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बाई, बाई! खांद्याला धरून कसं आणलंत हो तुम्ही हिला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. असा नवरा मिळायला भाग्य लागतं गं."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तिखट होतं, आणि खरं होतं. आज मी आपल्या पायांनी आले आणि तेही श्रेय याच्याच पदरात पडत होतं. मी तोंड उघडलं. पण त्याच्याकडे नजर गेली. अजून त्याचे ओठ पांढरे होते. मी तोंड मिटलं. म्हटलं, जाऊ दे. बर्फाला हात मी लावलाय, तो काही कुणी परत घेत नाही.

"काकू," तो म्हणाला. "मी नाही आणलं. हिनेच मला आणलं. ही आधी एकटी येऊन गेली. मला अशा ठिकाणी भीती वाटते, पहिल्यापासून वाटते. आजवर मी थांबायचो ते माझ्यासाठी. हिला उगाच अडकवून ठेवलं."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंनी माझे हात सोडले, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा धरले, या खेपेला जरा वेगळे, बरोबरीच्या बाईचे धरावेत तसे.

मुलगी आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती. मग तिचं लक्ष ओहोळाकडे गेलं. "बट बाबा," ती म्हणाली, "वुई हॅव टु गो बॅक द सेम वे."

"हो ना," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

सगळे फळीपाशी आले. सवयीप्रमाणे काका पुढे झाले, त्यांच्यामागे काकू, आणि आम्हाला शेवटी जागा ठेवून बाकीचे रांगेत उभे राहिले. मी त्या रांगेच्या बाजूने गोट्यांवरून पुढे गेले, नवरा माझ्यामागे. फळीवर पाय ठेवायला निघालेल्या काकांच्या दंडाला हात लावला.

"काका, थांबा जरा," मी म्हटलं. "आधी आम्ही."